बँकेने ओढून आणलेली गाडी लिलावात घेण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका नागरी सहकारी बँकेच्या वसुली विभागात मी बरीच वर्षे काम केले. तेव्हा मी गाड्या विकणाऱ्यांपैकी होतो. निवृत्तीनंतर स्वतःसाठी आणि नात्यातल्यांसाठी तीन गाड्या लिलावातून घेतल्या, तेव्हा घेणाऱ्याला काय काय सोसावे लागते ते कळले. लोक मला फोन करून पहिला प्रश्न विचारतात तो ‘गाडी किती स्वस्त पडेल’ हा. माझ्या मते पहिला प्रश्न ‘आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, आज कोणाच्या नावावर आहे आणि ती माझ्या नावावर कोणत्या वाटेने येणार’ हा असायला हवा. इंजिन बिघडले तर मिस्त्री सापडतो, पण अडकलेले कागद सोडवून देणारा सहसा सापडत नाही. पुढील उत्तरे याच क्रमाने लिहिली आहेत.

प्रश्न : ‘बँकेने ओढलेली गाडी’ म्हणजे कायद्याच्या भाषेत नेमके काय?

कर्जावर घेतलेली गाडी कर्ज फिटेपर्यंत बँकेकडे किंवा वित्त कंपनीकडे नजरगहाण असते. म्हणजे ताबा आणि वापर कर्जदाराचा, पण आरसीवर बोजाची नोंद सावकाराची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ मध्ये या नोंदीची तरतूद आहे आणि बोजा असेपर्यंत सावकाराच्या लेखी संमतीवाचून गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. हप्ते थकले की कर्जकरारातील अटींनुसार, लवादाच्या किंवा न्यायालयाच्या आदेशानुसार, अथवा मोठ्या कर्जांच्या बाबतीत २००२ च्या सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्यानुसार सावकार गाडीचा ताबा घेतो आणि ती विकून थकबाकी वसूल करतो. सरफेसीच्या वाटेने गेल्यास आधी ६० दिवसांची मागणी नोटीस आणि विक्रीपूर्वी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते.

सहकारी क्षेत्राची वाट थोडी निराळी आहे. पतसंस्था आणि नागरी सहकारी बँका महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवतात आणि १९६१ च्या नियमांतील नियम १०७ प्रमाणे वसुली अधिकारी गाडी जप्त करून जाहीर लिलावात विकतो. या नियमात दवंडी पिटण्याचा उल्लेख आजही आहे. आमच्या काळी ती प्रत्यक्षात पिटली जात नसे, पण फाइलमध्ये ‘दवंडी दिली’ हा शेरा मात्र कटाक्षाने लिहिला जाई.

प्रश्न : गाडी जबरदस्तीने ओढून आणलेली असेल तर घेणाऱ्याला त्याचा त्रास होतो का?

होऊ शकतो, म्हणून गाडी कशी आणली गेली हे विचारण्यात संकोच करू नये. वसुलीसाठी दंडेली करून गाडी ओढून नेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली एका खासगी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये बँकांना सूचना दिल्या की ताब्याविषयीच्या करारातील कलमात नोटिशीची मुदत, ताबा घेण्याची पद्धत, विक्रीपूर्वी कर्जदाराला पैसे भरण्याची शेवटची संधी आणि लिलावाची पद्धत या गोष्टी असायला हव्यात. यातली एखादी पायरी गाळली गेली असेल आणि कर्जदार ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात गेला, तर भांडण त्याचे आणि बँकेचे असले तरी तोपर्यंत गाडी तुमच्या दारात उभी असते आणि हेलपाटे तुम्हालाही पडतात.

त्यासाठी बँकेकडून तीन कागदांच्या प्रती मागाव्यात: ताबा घेण्यापूर्वी व घेतल्यानंतर पोलीस ठाण्याला दिलेली लेखी सूचना, ताब्याच्या वेळी केलेली सामानाची व स्थितीची यादी, आणि कर्जदाराला पाठवलेली विक्रीपूर्व नोटीस. पहिला कागद नसेल तर कर्जदाराने गाडी चोरीला गेल्याची तक्रार दिली आहे की काय, हे तपासणे तुमच्यावर येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ या सेवेत चेसिस आणि इंजिन क्रमांक टाकून ते पाहता येते.

प्रश्न : विमा कंपन्यांचे, पोलिसांचे आणि सरकारी खात्यांचे लिलावही याच प्रकारात मोडतात का?

नाही, आणि ही गल्लत महागात पडते. विमा कंपनी विकते ते बहुधा सॅल्व्हेज, म्हणजे अपघातात किंवा पुरात सापडलेली अशी गाडी जिच्या दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक निघाल्यामुळे ती ‘टोटल लॉस’ धरली गेली. पोलीस ठाण्याच्या आवारातील बेवारस गाड्या बहुतेक भंगाराच्या लायकीच्या असतात. सरकारी खात्यांच्या गाड्या एमएसटीसी या सरकारी लिलाव कंपनीच्या संकेतस्थळावर विकल्या जातात, परंतु १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरणच होत नसल्यामुळे त्यांतील जुन्या जीप आणि अॅम्बेसेडर रस्त्यावर आणण्याची स्वप्ने पाहू नयेत.

फॉर्मही वेगळे असतात. फॉर्म ३२ हा सरकारने किंवा सरकारच्या वतीने झालेल्या जाहीर लिलावातील गाडीसाठी आहे. बँकेच्या लिलावातील गाडीसाठी तो भरून आरटीओतून परत आलेले दोन गृहस्थ मी पाहिले आहेत.

प्रश्न : असे लिलाव कुठे कळतात आणि त्यांत सामान्य माणसाला बोली लावता येते का?

सहकारी बँका आणि पतसंस्था अजूनही स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात, शाखेच्या फलकावर कागद चिकटवतात आणि बंद पाकिटात निविदा मागवतात. माझ्या मते घरगुती खरेदीदारासाठी हीच सर्वांत सोयीची जागा आहे, कारण गाड्या चार-पाचच असतात, गाडीचा इतिहास माहीत असलेला वसुली अधिकारी समोर बसलेला असतो आणि व्यापाऱ्यांची गर्दी नसते. सरकारी बँकांच्या लिलावांसाठी २०२५ च्या जानेवारीत सुरू झालेले ‘बँकनेट’ हे सामाईक संकेतस्थळ आहे. मोठ्या खासगी बँका आणि वित्त कंपन्या मात्र बहुतेक गाड्या लिलाव कंपन्यांच्या हवाली करतात. त्या आपल्या यार्डात प्रत्यक्ष बोली घेतात किंवा ऑनलाइन.

अशा ठिकाणी नोंदणी, केवायसी आणि अनामत रक्कम भरली की कोणालाही बोली लावता येते. फरक एवढाच, की तुमच्या शेजारी बसलेला व्यापारी आठवड्याला दहा गाड्या उचलतो. गाडी दुरुस्त करून किती रुपयांना विकली जाईल याचा आकडा त्याच्या डोक्यात तयार असतो आणि तो त्या आकड्याच्या पुढे एक रुपयाही जात नाही. आपण मात्र रंग आवडला म्हणून वीस हजार वर जातो.

प्रश्न : सर्वांत मोठी बोली माझी होती, तरीही गाडी मिळाली नाही. असे कसे?

बहुतेक लिलावांत सर्वोच्च बोली ही केवळ देकार समजली जाते आणि ती स्वीकारायची की नाही हे बँक नंतर ठरवते. राखीव किंमत जाहीर केलेली नसेल तर बँकेच्या मनातला आकडा तुम्हाला कळतही नाही. शिवाय अनेकदा विक्री पूर्ण होईपर्यंत कर्जदार थकबाकी भरून गाडी सोडवून नेऊ शकतो, आणि तसे झाले तर वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. अनामत परत मिळायला किती दिवस लागतात, बोली मंजूर झाल्यावर उरलेली रक्कम किती दिवसांत भरायची आणि ती वेळेत न भरल्यास अनामत जप्त होते का, हे तिन्ही मुद्दे अटींच्या पत्रकात छापलेले असतात. ते पत्रक वाचून मगच अनामत भरावी.

प्रश्न : ‘जसे आहे जेथे आहे’ या शब्दांचा अर्थ काय?

गाडीत काय निघेल याची जबाबदारी बँक घेत नाही, हा त्याचा अर्थ. गिअरबॉक्स उद्या बसला, स्टेपनी नव्हती, संगीताची यंत्रणा कोणी काढून नेली होती, यांपैकी कशाचीही दाद लागत नाही. मात्र या शब्दांमुळे बँक कागदांच्या बाबतीतही हात झटकू शकते असे समजू नये. बोजा उतरवण्याचे पत्र आणि विक्रीपत्र देणे हे विकणाऱ्याचे काम आहे, आणि ते किती दिवसांत मिळेल हे बोलीपूर्वी ईमेलवर लिहून घ्यावे. तोंडी ‘पंधरा दिवसांत होऊन जाईल साहेब’ याला काही किंमत नाही. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मीही त्यावर विसंबलो आणि कागद हाती यायला पाच महिने लागले. या काळात गाडी पार्किंगमध्ये झाकून ठेवली होती आणि दर रविवारी मी ती फक्त सुरू करून दहा मिनिटे उभी ठेवत असे.

प्रश्न : यार्डात गेल्यावर नेमके काय पाहावे? गाडी चालवून पाहू देतात का?

चालवू बहुधा देत नाहीत. बॅटरी बसलेली असते, तेव्हा आधी विनंती केली तर यार्डातला माणूस दुसरी बॅटरी लावून इंजिन सुरू करून दाखवतो. त्यासाठी सकाळी लवकर जावे, कारण दुपारपर्यंत इंजिन कोणीतरी आधीच गरम केलेले असते आणि थंड इंजिन सुरू होताना होणारा आवाज व निघणारा धूर तुम्हाला दिसत नाही.

महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीची दुखणी ही धावणाऱ्या गाडीपेक्षा वेगळी असतात. टायरची नक्षी भरपूर उरलेली दिसते, पण रबर एका बाजूला चपटे होऊन बसलेले असते किंवा कडेला बारीक चिरा पडलेल्या असतात. टायरच्या बाजूवर चार अंकी क्रमांक असतो, उदाहरणार्थ ३४२१, म्हणजे २०२१ सालचा ३४ वा आठवडा, आणि त्यावरून टायरचे खरे वय कळते. ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढतो. बॉनेट उघडल्यावर उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर वायरिंगचा खर्च गृहीत धरावा. एकदा मी एअर फिल्टरचे झाकण उघडले तर आत पोत्याच्या धाग्यांचे आणि थर्माकोलच्या तुकड्यांचे नीट रचलेले घरटे होते. गाडी बाहेरून इतकी स्वच्छ पुसलेली होती की झाकण उघडले नसते तर शंकाही आली नसती.

पुराचे पाणी लागले आहे का हे पाहण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा. वरचा भाग लोक धुतात, गुंडाळीच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ तशीच राहते. सीटखालच्या पट्ट्यांचे स्क्रू, स्टेपनीचा खड्डा आणि डॅशबोर्डच्या खाली हात घालून धातूचे भाग चाचपावेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापूर, सांगली आणि चिपळूणच्या बाजूच्या बऱ्याच गाड्या जुन्या बाजारात फिरल्या, त्यामुळे तिकडील पासिंगची त्या वर्षांपूर्वीची गाडी असेल तर ही तपासणी टाळूच नये. अर्थात तिकडची प्रत्येक गाडी पाण्यात होती असे मुळीच नाही.

सगळ्या काचांवर कोपऱ्यात उत्पादनाचे वर्ष दर्शवणारी खूण असते. एकच काच निराळ्या वर्षाची निघाली तर त्या बाजूला ठोकर बसली असावी. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, गाडीचा क्रमांक घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून शेवटच्या सर्व्हिसची तारीख आणि किलोमीटर विचारून घ्यावेत. किल्ली किती आहेत हेही पाहावे. कर्जदाराने दुसरी किल्ली रागाने दिलेली नसते, आणि चिप असलेली नवी किल्ली बनवण्याचा खर्च काही हजारांत जातो.

सोबत ओळखीचा मेकॅनिक न्यावा आणि त्याला दिवसभराची मजुरी द्यावी. फुकट आलेला मेकॅनिक घाईत असतो.

प्रश्न : कागदांत नेमके काय काय तपासायचे?

सर्वप्रथम गाडीवर कोरलेला चेसिस क्रमांक विजेरी लावून स्वतः वाचावा आणि आरसीवरील क्रमांकाशी अंक न् अंक ताडून पाहावा. लिलावाच्या यादीत टंकलेखनाची चूक असेल तर तीच चूक विक्रीपत्रात उतरते आणि आरटीओ ते स्वीकारत नाही. त्यानंतर परिवहन संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन अॅपवर गाडी क्रमांक टाकून बोजा कोणाच्या नावे आहे, विमा व पीयूसी कधीपर्यंत आहे, गाडी काळ्या यादीत आहे का आणि नोंदणी कधी संपते हे पाहावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते, पुढे फिटनेस तपासून नूतनीकरण करावे लागते. विकणारी संस्था आणि बोजा असलेली संस्था वेगळी दिसली तर तेथेच थांबावे. कर्ज एका कंपनीने दुसरीला विकलेले असू शकते, पण मग त्याचा लेखी पुरावा हवा.

ई-चलनांची थकबाकी गाडीच्या क्रमांकाला चिकटलेली असते. ती बोलीच्या आधी पाहावी आणि कोण भरणार ते अटींत शोधावे, बहुधा उत्तर ‘खरेदीदार’ असेच असते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का हेही पाहावे, कारण ती नसेल तर नाव बदलण्याची आणि बोजा चढवण्या-उतरवण्याची कामे थांबवण्याचे धोरण महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने जाहीर केलेले आहे.

पैसे भरल्यानंतर तुमच्या हाती यायला हवेत ते कागद असे: बँकेचे विक्रीपत्र, जीएसटीचे बिल, गाडी यार्डातून सोडण्याचा आदेश, बोजा उतरवण्यासाठी बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ व ना-हरकत पत्र, हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, मूळ आरसी, आणि आधी सांगितलेल्या पोलीस सूचनेच्या प्रती.

प्रश्न : मूळ आरसी कर्जदाराकडेच आहे आणि तो द्यायला तयार नाही. मग गाडी माझ्या नावावर कशी होणार?

हा या संपूर्ण व्यवहारातील सर्वांत कळीचा प्रश्न आहे. कलम ५१ च्या पोटकलम (५) मध्ये याचे उत्तर दिलेले आहे. कर्जदाराने हप्ते थकवल्यामुळे सावकाराने गाडीचा ताबा घेतला असेल आणि कर्जदार आरसी देण्यास नकार देत असेल किंवा फरार असेल, तर सावकार फॉर्म ३६ मध्ये आरटीओकडे अर्ज करतो. आरटीओ कर्जदाराला फॉर्म ३७ मध्ये नोटीस पाठवून म्हणणे मांडण्याची संधी देते. त्यानंतर जुनी आरसी रद्द करून नवी आरसी सावकाराच्या नावे देता येते. गाडी एकदा सावकाराच्या नावावर आली की पुढे सावकार विक्रेता आणि तुम्ही खरेदीदार असा सरळ व्यवहार राहतो, आणि त्यात मूळ कर्जदाराच्या सहीची गरज उरत नाही.

म्हणून बोलीपूर्वी बँकेला एवढेच विचारावे: फॉर्म ३६ ची कार्यवाही झाली आहे, सुरू आहे, की व्हायची आहे? झाली असेल तर सोन्याहून पिवळे. सुरू असेल तर अर्जाची पोच मागावी. व्हायची असेल तर त्या खोळंब्याची किंमत बोलीतून वजा करावी, कारण नोटीस, तिची पोच आणि सुनावणी यांत जाणारे महिने तुमचे असतात. कर्जदाराचा पत्ता बदललेला असेल तर नोटिशीचे पाकीट ‘या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा घेऊन परत येते आणि प्रकरण आणखी रेंगाळते.

‘सही आम्ही मॅनेज करतो’ असे सांगणारा एजंट भेटला तर त्याच्यापासून दूर राहावे. कर्जदाराची खोटी सही असलेला फॉर्म तुमच्या अर्जासोबत जातो आणि उद्या तक्रार झाली तर पोलीस आधी तुमचे दार ठोठावतात.

प्रश्न : लिलावातली गाडी शेवटी कितीला पडते?

बोलीचा आकडा ही केवळ सुरुवात आहे. उदाहरणासाठी एक हिशेब मांडतो, आकडे तुमच्या गाडीप्रमाणे बदलतील. बोली ३,६०,००० रुपये. लिलाव कंपनीचे शुल्क १०,०००. टोचन करून घरापर्यंत ४,०००. बॅटरी ५,०००. चार टायर १८,०००. ऑइल, ब्रेक आणि पूर्ण सर्व्हिस १२,०००. दुसरी किल्ली ८,०००. विमा १४,०००. आरटीओचा खर्च व एजंट मिळून ६,०००. बेरीज ४,३७,००० होते, आणि यात जीएसटी धरलेला नाही. त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची, चालू स्थितीतील गाडी ओळखीच्या माणसाकडून साडेचार लाखांत मिळत असेल, तर मी ती घेईन.

प्रश्न : जुन्या गाडीवर जीएसटी कसा लागतो?

जुन्या गाड्यांच्या धंद्यात कर संपूर्ण किमतीवर लागत नाही, खरेदी आणि विक्री यांतील फरकावर लागतो, आणि जानेवारी २०२५ पासून त्याचा दर सर्व प्रकारच्या जुन्या गाड्यांना १८ टक्के आहे. ओढून आणलेल्या गाडीत बँकेची ‘खरेदी किंमत’ कोणती, यासाठी केंद्रीय जीएसटी नियमांतील नियम ३२(५) मध्ये एक युक्ती आहे. कर्जदार स्वतः जीएसटीत नोंदलेला नसेल, तर त्याने गाडी ज्या किमतीला घेतली त्या किमतीतून प्रत्येक तिमाहीला, किंवा तिमाहीच्या भागाला, पाच टक्के वजा करत जायचे आणि उरेल ती बँकेची खरेदी किंमत मानायची.

म्हणजे आठ लाखांची गाडी दोन वर्षे दहा महिन्यांनी विकली गेली तर बारा तिमाही धरून ६० टक्के वजा होतात आणि मानीव किंमत ३,२०,००० उरते. तुमची बोली ३,६०,००० असेल तर फरक ४०,००० आणि कर ७,२००. तीच गाडी पाच वर्षांहून जुनी असेल तर मानीव किंमत शून्यावर येते आणि त्याच बोलीवर कर ६४,८०० रुपये होतो. त्यामुळे बोली करासह आहे की करावेगळी, हा प्रश्न जुन्या गाडीच्या बाबतीत अधिक मोलाचा ठरतो. किंमत दहा लाखांच्या पुढे असेल तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गोळा करायचा प्राप्तिकर, हाही घेतला जातो, तो मात्र प्राप्तिकराचे विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.

प्रश्न : कर्ज मिळते का?

काही वेळा विकणारी वित्त कंपनीच देते, पण व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त असते आणि पैसे भरण्याची मुदत थोडी असते. बोली लावण्याआधी मंजुरीपत्र हातात असेल तरच कर्जाचा विचार करावा.

प्रश्न : दिल्ली, गुजरात किंवा गोव्याच्या पासिंगची गाडी पुण्यात किंवा नाशिकला घ्यावी का?

गाडी चांगली असेल तर हरकत नाही, पण आधीच्या आरटीओची ना-हरकत फॉर्म २८ मध्ये मिळवणे आणि महाराष्ट्राचा वाहनकर गाडीच्या वयाप्रमाणे पुन्हा भरणे हे दोन खर्च वाढतात. एका राज्यातील गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर कलम ४७ प्रमाणे नव्या राज्याचा क्रमांक घ्यावा लागतो. दिल्लीतील दहा वर्षांवरील डिझेल गाड्या तेथील निर्बंधांमुळे स्वस्त दिसतात. त्यांत ना-हरकत आधीच निघाली आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रश्न : पिवळ्या पाटीची, टॅक्सी पासिंगची गाडी घरगुती वापरासाठी घेता येते का?

येते. परमिट रद्द करून, कराचा फरक भरून आणि आरटीओची परवानगी घेऊन ती खासगी करता येते. ओढून आणलेल्या गाड्यांत अशा गाड्या पुष्कळ असतात, कारण हप्ता धंद्यातून फेडायचा असतो आणि धंदा बसला की हप्ताही बसतो. मात्र तीन वर्षांत त्या गाडीने घरगुती गाडीच्या दसपट रस्ता पाहिलेला असू शकतो. क्लच, सस्पेन्शन आणि ड्रायव्हरची सीट पाहिली की किलोमीटरचा खरा अंदाज येतो.

प्रश्न : विम्याचे काय? जुना विमा शिल्लक असेल तर तो चालतो का?

कलम १५७ प्रमाणे हस्तांतराच्या तारखेपासून विमाही नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते आणि नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. प्रत्यक्षात हे संरक्षण तृतीय पक्षापुरते समजावे, स्वतःच्या गाडीचे नुकसान मिळवायचे तर पॉलिसी आपल्या नावावर हवी. आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. विमा संपलेला असेल, आणि यार्डातल्या गाडीचा तो बहुधा संपलेलाच असतो, तर विमा कंपनी गाडीची पाहणी करून मगच पूर्ण पॉलिसी देते. विम्याशिवाय गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

नाव बदलायला उशीर करू नये याचे आणखी एक कारण आहे. नोंदणीत ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरवले. म्हणजे कागदावर बँक किंवा जुना कर्जदार मालक, गाडी चालवणारे तुम्ही आणि विमा तिसऱ्याच्या नावावर, असा गुंता अपघातानंतर कोणालाच सोडवता येत नाही. कायद्याने नव्या मालकाला ३० दिवसांत हस्तांतराचा अर्ज करायचा असतो.

प्रश्न : ज्याची गाडी गेली त्याचा तळतळाट लागतो, असे घरचे म्हणतात. काय सांगावे?

हा प्रश्न मला इतर कोणत्याही प्रश्नाइतकाच विचारला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. यार्डातील गाडीत डॅशबोर्डवर गणपती असतो, आरशाला मुलाच्या जावळाच्या दिवशी बांधलेला गोंडा असतो. एका गाडीच्या डिकीत मला शाळेची पाण्याची बाटली आणि तिसरीचे गणिताचे पुस्तक सापडले होते. नियमाने असे सामान यादी करून कर्जदाराला परत द्यायला हवे. मी ती दोन्ही वस्तू शाखेत नेऊन दिल्या आणि पोच घेतली.

एवढे खरे की गाडी चांगल्या किमतीला गेली तर कर्जदाराचेच देणे कमी होते, आणि थकबाकी व खर्च वळते करून काही उरले तर ते त्याला परत मिळायला हवे. गाडी मातीमोल गेली तर उरलेली बाकी त्याच्या डोक्यावर तशीच राहते. पत्नीला मी हे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि तरीही गाडी घरी आल्यावर लिंबू-मिरची बांधलीच.

प्रश्न : ताबा मिळाल्यावर गाडी घरी कशी आणावी?

स्वतः चालवत आणू नये. विमा नाही, ब्रेक गंजलेले, टाकीतले पेट्रोल वर्षाचे जुने, अशा स्थितीत टोचन किंवा सपाट ट्रकच बरा. उचलण्याची तारीख मात्र चुकवू नये, कारण मुदतीनंतर यार्ड दिवसाला भाडे लावते. निघण्यापूर्वी चेसिस क्रमांक, मीटरचा आकडा, चारही बाजू आणि स्टेपनीची जागा यांचे फोटो यार्डातल्या माणसाला शेजारी उभे करून काढावेत. बोली लावताना पाहिलेली बॅटरी आणि आज गाडीत असलेली बॅटरी एकच आहे का तेही पाहावे. माझ्या तिसऱ्या गाडीत ती एक नव्हती, पण पाहणीच्या दिवशीचा फोटो मोबाइलमध्ये होता, म्हणून अर्ध्या तासात जुनी परत जागेवर आली.